अवयव-प्रत्यारोपणाची प्रतीक्षायादी : थोडी माहिती, थोडा अनुभव

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात माझ्याकडे ‘दहावीनंतर काय?’ हा विषय असतो. यंदा चिटणीस साहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीवर बोलतो. साहेब क्षणभर गप्प झाले. म्हणाले, “मास्तर, मेळावा आहे, काही उमेदीचे बोला.” मी त्यांना इतकेच सांगितले की, गेल्या तीन वर्षांत आपल्याच वस्तीतील सात-आठ घरांतली माणसे रात्री नमाजनंतर माझ्या दारी आली आहेत आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला आहे : “तुमच्या भाईचे नाव यादीत कसे घातले? कोणाला भेटावे लागते?” एकेकाला ओट्यावर बसवून सांगण्यापेक्षा एकदाच सर्वांना सांगावे, म्हणून हा विषय घेतला आहे.

मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास-भूगोल शिकवणारा माणूस आहे. जे सांगणार आहे ते रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून, कागद वाचून आणि समन्वयकांना वारंवार प्रश्न विचारून शिकलो आहे. औषधोपचाराचा सल्ला मी देणार नाही. तो आपापल्या डॉक्टरांकडून घ्यावा.

माझे थोरले भाई मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान चालवतात. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला, गोळी कधी घेतली, कधी नाही. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून खाण्याची सवय. पायांवर सूज आली, जेवण जाईना, तेव्हा तपासणी झाली. दोन्ही मूत्रपिंडे निकामी. नोव्हेंबर २०२२ पासून डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. हाताच्या शिरेवर छोटी शस्त्रक्रिया करून ‘फिस्टुला’ तयार करतात, त्यात दोन जाड सुया खुपसतात, आणि यंत्रातून रक्त धुऊन परत शरीरात सोडतात. दिवसाला मोजून पाणी. उन्हाळ्यात गॅरेजच्या पत्र्याखाली उभा असलेला माणूस चहाच्या पेल्यातले दोन घोट मोजतो, हे मी पाहिले आहे.

डायलिसिसने माणूस जगतो, पण मूत्रपिंडाचे सगळे काम त्याने होत नाही. ते दुसरे मूत्रपिंड बसवल्यावरच होते. ही विद्या फार जुनी नाही. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. ते पहिले यशस्वी प्रत्यारोपण. दोघे एकसारखे जुळे असल्यामुळे शरीराने ते परके म्हणून नाकारले नाही. १९६७ च्या डिसेंबरात डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत हृदय बसवले, आणि त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तसा प्रयत्न केला. तो रुग्ण वाचला नाही. भारतात हृदयाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीला डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. त्याच वर्षी संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत केला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये तो सर्वप्रथम ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा होते. विद्यार्थी मित्रहो, इतिहासाच्या मास्तराला एवढे सांगू द्या. आता मुद्द्यावर येतो.

मूत्रपिंड मिळण्याचे मार्ग दोन. पहिला, घरातल्या जिवंत माणसाने एक देणे. कायद्याप्रमाणे पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण हे जवळचे नातलग. २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा व नातवंडेही आली. बाकी कोणी द्यायचे म्हटले तर अधिकृत समितीपुढे जावे लागते. पैशाचा व्यवहार तर नाही ना, हे ती समिती तपासते.

आमच्या घरी काय झाले ते सांगतो. सर्वांत आधी भाभी उभ्या राहिल्या. कोणी विचारलेही नव्हते. भाभींचा रक्तगट बी, भाईंचा ओ. जमले नाही. अम्मींना वीस वर्षांचा मधुमेह. मग मी गेलो. माझा रक्तगट ओ, मनात आनंद झाला. पण तपासणीत माझ्याच रक्तात साखर निघाली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, काही त्रास नसताना! डॉक्टरांनी सांगितले, “मास्तर, तुम्हालाच पुढे दोन्ही लागतील.” बहिणीविषयी मी येथे अधिक बोलत नाही. तिची तयारी होती, तिच्या सासरच्यांची नव्हती, आणि तिची मुले लहान आहेत. मी त्यांना दोष देत नाही.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया निम्म्याहून बऱ्याच जास्त आहेत, आणि घेणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. बायकोने नवऱ्याला, आईने मुलाला दिलेले पुष्कळ दिसते. नवऱ्याने बायकोला दिलेले त्या मानाने कमी. बाकड्यावर बसून मला हे डोळ्यांनी दिसत होते. २०२५ साली राष्ट्रीय संस्थेने राज्यांना सूचना दिली की, प्रतीक्षायादीत स्त्री रुग्णांना आणि पूर्वी ज्यांच्या घरातल्या मृत व्यक्तीचे अवयव दान झाले अशा नातलगांना प्राधान्य द्यावे. पुरुष पालकांनी यावर घरी गेल्यावर विचार करावा. मी स्वतःलाही हेच सांगतो.

अदलाबदलीचाही एक मार्ग आहे. एका जोडप्यातील दात्याचे मूत्रपिंड दुसऱ्या जोडप्यातील रुग्णाला आणि त्यांचे यांना. २०११ च्या दुरुस्तीने त्याला मान्यता मिळाली. आम्ही चौकशी केली. पण नीट पाहा : आम्हाला असे जोडपे हवे होते, ज्यात दाता ओ गटाचा आणि रुग्ण बी गटाचा. आता ओ गटाचा माणूस तर बी गटाच्या रुग्णाला सरळ देऊ शकतो, त्याला अदलाबदलीची गरजच काय? म्हणून ओ गटाच्या रुग्णाला अदलाबदलीत जोडी मिळणे कठीण. ए आणि बी गटांच्या जोड्यांना हा मार्ग जास्त सोयीचा आहे. घरात तशी परिस्थिती असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

उरला दुसरा मार्ग, प्रतीक्षायादीचा. मरण पावलेल्या माणसाचे अवयव त्याच्या घरच्यांनी दिले, तर ते यादीतील रुग्णाला मिळतात.

माझ्या दारी येणाऱ्यांचा पहिला गैरसमज असा की, यादीत नाव घालायला पुण्या-मुंबईच्या एखाद्या कार्यालयात अर्ज द्यायचा, साहेबाला भेटायचे, ओळख लावायची. तसे नाही. रुग्णाला परस्पर नाव नोंदवता येत नाही. प्रत्यारोपणासाठी सरकारमान्य असलेल्या रुग्णालयातूनच नाव जाते. आपण त्या रुग्णालयातील मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवायचे. तेथे प्रत्यारोपण समन्वयक नावाची व्यक्ती असते. बहुधा एखादी ताई किंवा तरुण मुलगा. पुढची दोन-तीन वर्षे आपला संबंध डॉक्टरांपेक्षा या व्यक्तीशी जास्त येतो, तेव्हा तिचे नाव आणि क्रमांक वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

रुग्णालय ते नाव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे पाठवते. सगळे त्याला झेडटीसीसी म्हणतात. महाराष्ट्रात अशी चार केंद्रे आहेत : मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. आपण कराडकडची माणसे पुणे विभागात येतो. यांच्यावर राज्याची व पश्चिम विभागाची संस्था मुंबईत के.ई.एम. येथे, आणि देशाची संस्था दिल्लीत, जिला ‘नोटो’ म्हणतात.

नाव जाण्यापूर्वी तपासण्या होतात आणि त्यांना वेळ लागतो. नियमित डायलिसिसवर तीन महिने होऊन गेलेले असावे लागतात. रक्तगट, कावीळ ब आणि क, एच.आय.व्ही., छातीचा फोटो, हृदयाची सोनोग्राफी, लघवीच्या मार्गाची तपासणी, अगदी दातसुद्धा. कारण नंतर जी औषधे देतात ती शरीराची प्रतिकारशक्ती दाबून टाकतात, मग दाताचा पू देखील जिवावर बेततो. भाईंचे दोन दात काढावे लागले. आधार कार्ड, फोटो, डायलिसिसचे कागद, संमतीपत्र हे सगळे जोडून जून २०२३ मध्ये आमचे नाव यादीत चढले. म्हणजे डायलिसिस सुरू झाल्यापासून सात महिने. त्यांतले निदान तीन महिने आमच्या आळसाचे होते. एक कागद राहिला की पुढची तारीख, तोवर आधीचा रिपोर्ट जुना होतो.

२०२३ साली केंद्र सरकारने काही नियम बदलले ते लक्षात ठेवा. पूर्वी काही राज्यांत रहिवासी दाखला लागे, आता रुग्णाला देशात कोठेही नोंदणी करता येते. पासष्ट वर्षांवरील रुग्णाला मृत दात्याचा अवयव मिळण्यासाठी नोंदणी करता येत नव्हती, ती अट गेली. नोंदणीसाठी फी घेऊ नये असेही राज्यांना कळवले गेले. नोंदणीबरोबर रुग्णाला एक राष्ट्रीय क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा. तपासण्यांचा खर्च मात्र असतोच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते, आणि २०२३ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्यात आली. रुग्णालय योजनेत आहे का, हे आधी विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. नाव नोंदवून आलो त्या दिवशी अम्मींनी विचारले, “नंबर कितवा आहे?” मीही समन्वयकांना तेच विचारले होते. ते हसले. म्हणाले, “सर, ही रेशनची रांग नाही.” मला तेव्हा राग आला. नंतर समजले ते सांगतो.

रेशनच्या दुकानात पुढचा माणूस गेला की आपण एक पाऊल पुढे सरकतो. येथे प्रत्येक दात्यासाठी नव्याने क्रम लावतात. दाता बी गटाचा असेल तर बी गटाची यादी उघडते, ओ गटवाला तेथे कितीही जुना असला तरी त्याचा विचार होत नाही. आणि ओ गटाचा रुग्ण फक्त ओ गटाचेच मूत्रपिंड घेऊ शकतो. आपल्याकडे ओ गटाची माणसे पुष्कळ, म्हणून ती यादीही लांब.

त्या गटात मग गुण मोजतात. परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखेच. राज्याराज्यांत थोडा फरक असतो, पण राष्ट्रीय संस्थेने आखून दिलेली पद्धत अशी : डायलिसिसच्या प्रत्येक महिन्याला एक गुण. रुग्ण सहा वर्षांच्या आतला असेल तर तीन गुण जादा, सहा ते बारापर्यंत दोन, बारा ते अठरापर्यंत एक. ज्याच्या हातांवर फिस्टुला कोठेच टिकत नाही, त्याला जादा गुण, कारण त्याचा डायलिसिसचा रस्ताच बंद होत चाललेला असतो. ज्याने पूर्वी स्वतःचे एक मूत्रपिंड कोणाला दान केले आणि आता त्याच्यावरच वेळ आली, त्याला पाच गुण. ज्याच्या रक्तात परक्या अवयवाविरुद्ध लढणारी द्रव्ये जास्त आहेत, त्याला जुळणारे मूत्रपिंड मिळणे कठीण, म्हणून त्यालाही थोडे जादा. मला विचाराल तर लहान मुलांचे गुण कमी वाटतात. आठ महिने डायलिसिसवर असलेल्या दहा वर्षांच्या मुलीचे दहा गुण, आणि तिच्यासमोर दोन वर्षे झालेल्या पन्नाशीच्या माणसाचे चोवीस. अल्पवयीन दात्याचे मूत्रपिंड आधी मुलांना देतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. तेथे भाईंच्या शेजारच्या खाटेवर अशी एक मुलगी यायची, पाढे म्हणत सुई टोचून घ्यायची.

या गुणांत पगार नाही, जात नाही, धर्म नाही, शिफारसपत्राचा रकाना नाही. आपल्या लोकांच्या मनात एक शंका असते, मला ती उघडपणे विचारली गेली आहे, म्हणून उघडपणेच उत्तर देतो. भाईंचे गुण मी स्वतः मोजून पाहिले आणि ते कागदावरच्या गुणांशी जुळले.

दात्याची दोन मूत्रपिंडे असतात. ज्या रुग्णालयात दान झाले ते प्रत्यारोपणाचे केंद्र असेल, तर सर्वसाधारणपणे एक त्या रुग्णालयाच्या यादीतील रुग्णाला जाते आणि दुसरे विभागाच्या सामाईक यादीला. विभागात योग्य रुग्ण नसेल तर राज्यात, मग शेजारच्या राज्यांत, मग देशात. त्यामुळे कोणत्या रुग्णालयात नाव आहे, यानेही थोडा फरक पडतो. यकृताचे तंत्र वेगळे आहे. तेथे कोण किती दिवस थांबला यापेक्षा कोण मरणाच्या किती जवळ आहे ते रक्ताच्या तपासण्यांवरून काढलेल्या आकड्याने ठरवतात, कारण यकृताला डायलिसिससारखा आधार नाही. हृदयाचेही तसेच. हृदय काढल्यापासून चार ते सहा तासांत बसवावे लागते, म्हणून रस्ते मोकळे करतात ते तुम्ही दूरदर्शनवर पाहिले असेल. मूत्रपिंड बर्फात साधारण एक दिवस टिकते.

मग एवढी वाट का पाहावी लागते? रोज इतकी माणसे मरतात, असे अम्मी म्हणायच्या. पण घरी किंवा रस्त्यात हृदय थांबून जो मरतो त्याची मूत्रपिंडे सहसा उपयोगी पडत नाहीत. अतिदक्षता विभागात, श्वासाचे यंत्र लावलेले असताना ज्याचा मेंदू मृत झाला, अशाच माणसाचे अवयव बहुतांशी घेता येतात. हे चार डॉक्टर ठरवतात, त्यांत प्रत्यारोपण करणारा एकही नसतो, आणि किमान सहा तासांच्या अंतराने तपासणी दोनदा करतात. यंत्र काही वेळ थांबवून माणूस स्वतः श्वास घेतो का, तेही पाहतात. त्यानंतर घरच्यांची संमती. मृताने हयातीत दानाचे कार्ड भरलेले असले तरी घरच्यांना विचारतातच. २०२३ साली आपल्या एवढ्या मोठ्या देशात असे दाते प्रथमच हजारावर गेले. त्या वर्षी एकूण प्रत्यारोपणे अठरा हजारांवर झाली, पण त्यांतली बहुतेक जिवंत नातलगांनी दिलेल्या अवयवांची.

शरीयतच्या दृष्टीने काय, हा प्रश्न येणारच. मी आलिम नाही. इतके वाचले आहे की, जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये काही अटींवर जिवंत आणि मृत दोघांचेही अवयव घेण्यास परवानगी दिली, विक्रीला मात्र नाही. आपल्या देशातल्या उलेमांत जिवंत नातलगाने देण्याबाबत बरीच अनुकूलता आहे, मृत्यूनंतर देण्याबाबत मतभेद आहेत. आपापल्या विश्वासातल्या आलिमला विचारावे, पण रुग्णालयात यंत्राजवळ उभे राहून पहिल्यांदा विचारू नये. तेव्हा कोणाचेच डोके ठिकाणावर नसते.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. हे सांगायचे की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. घरच्यांची परवानगी घेऊन सांगतो आहे.

नोंदणीच्या वेळी संपर्कासाठी फोन क्रमांक देतात. भाईंचे हात सदा ऑइलने भरलेले, ते फोन उचलत नाहीत. म्हणून पहिला क्रमांक मी माझा दिला. दुसरा भाईंचा. तिसऱ्याची जागा रिकामी सोडली. समन्वयकांनी सांगितले होते, “फोन रात्रंदिवस चालू पाहिजे.” मी मोठ्या रुबाबात म्हटले, “मी शिक्षक आहे, माझा फोन कधी बंद नसतो.”

मार्च २०२४. दहावीची परीक्षा, मी पर्यवेक्षक. पर्यवेक्षकाने मोबाइल वर्गात नेऊ नये असा नियम, तो मी स्वतः दरवर्षी नव्या शिक्षकांना समजावून सांगतो. मी फोन बंद करून केंद्रसंचालकांच्या कपाटात ठेवला. दुपारी पेपर सुटल्यावर घेतला. चालू केला तर पुण्याहून चार फोन येऊन गेल्याचे निरोप. भाईंच्या फोनवरही तीन. ते डायलिसिसला होते, फोन दुकानात पोऱ्याजवळ, आणि पोऱ्याने अनोळखी क्रमांक म्हणून उचलला नाही.

मी व्हरांड्यात उभा राहून फोन लावला. समन्वयक शांतपणे म्हणाले, “सर, ओ गटाचा दाता होता. आम्ही तासभर प्रयत्न केला. पुढच्या रुग्णाला बोलावले, ते आले आहेत.” मी विचारले, “आता निघालो तर?” ते काही बोलले नाहीत.

घरी जाऊन सांगणे भागच होते. भाईंनी ऐकून घेतले. जरा वेळाने म्हणाले, “अरे, कोणाला तरी मिळाली ना? मग फुकट नाही गेली.” भाभी माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांनी एक कागद आणून दिला. त्यावर पाच फोन क्रमांक लिहिलेले होते : त्यांचा स्वतःचा, थोरल्या पुतण्याचा, शेजारच्या कुलकर्णी काकूंचा, डायलिसिस केंद्राचा, आणि शेवटी माझा. तो कागद मी दुसऱ्या दिवशी पुण्याला नेऊन दिला.

दुसरा फोन सप्टेंबर २०२४ मध्ये, रात्री पावणेबाराला आला. भाभींनी पहिल्या घंटीला उचलला. बॅग दाराशी भरून ठेवलेली होतीच : कागदांची फाइल, कपडे, थोडे पैसे. आम्ही पुतण्याच्या मित्राच्या गाडीने निघालो, तीन वाजण्याच्या सुमारास पुण्यात पोहोचलो. तेथे आणखी काही रुग्ण बसलेले. एका मूत्रपिंडासाठी गुणांप्रमाणे एकाहून जास्त जणांना बोलावतात, हे तेव्हा कळले. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे रक्त एकत्र करून पाहतात, त्याला क्रॉसमॅच म्हणतात. वरच्याचे जुळले नाही तर पुढचा. त्याला काही तास लागतात. पाणीही प्यायचे नाही. सर्वजण एकमेकांकडे पाहत नव्हते. तुम्हीच सांगा, काय इच्छा करायची? शेजारच्याचे जुळू नये अशी? भाई भिंतीकडे तोंड करून तस्बीह ओढत होते. पहाटे कळले की वरच्या एका बाईंचे जुळले. त्यांचा मुलगा रडत बाहेर आला आणि आमच्या सगळ्यांच्या पाया पडू लागला. आम्ही फजर तेथेच अदा केली आणि सकाळच्या एस.टी.ने परत आलो. दुपारी भाईंनी दुकान उघडले.

त्या अतिदक्षता विभागात कोणाचे माणूस गेले होते, आम्हाला माहीत नाही. सांगतही नाहीत. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव गुप्त ठेवतात.

आणखी एक सांगून टाकतो. त्याच सकाळी फाटकाबाहेर एक गृहस्थ भेटला. म्हणाला, “नंबर वर घ्यायचा असेल तर माणूस आहे.” तुम्हाला आता ठाऊक आहे की, नंबर नावाची वस्तूच नाही, तर वर काय घेणार? असे लोक एक तर पैसे घेऊन पळतात, नाहीतर कुठल्या गरिबाचा अवयव विकत घेण्याच्या व्यवहारात ओढतात. त्याला पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड आहे. विकणारा, घेणारा, मध्यस्थ, सगळ्यांना.

२०२५ च्या सुरुवातीला भाईंना संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. त्यांनी आठवडाभर लपवला. ताप सांगितला तर यादीतून नाव काढतील, ही भीती. शेवटी क्षयरोग निघाला. नाव काढले नाही, पण ‘तात्पुरते निष्क्रिय’ केले. म्हणजे नाव यादीत राहते, फक्त फोन येत नाही. उपचार झाले, तपासण्या नीट आल्या, की पुन्हा सक्रिय. दरम्यान डायलिसिसचे महिने मोजले जातच राहतात. हे आधी कळले असते तर तो आठवडा फुकट गेला नसता. तेव्हा घरी कोणी यादीत असेल तर ताप, जखम, रक्त चढवणे, दुसरा फोन क्रमांक, गावाला जाणे, यांतले काहीही झाले तरी समन्वयकांना त्याच दिवशी कळवा. रक्त शक्यतो चढवून घेऊ नये असेही आम्हाला सांगण्यात आले, कारण त्यामुळे परक्या अवयवाविरुद्धची द्रव्ये वाढतात आणि पुढे क्रॉसमॅच जुळणे अवघड होते.

भाई आता पुन्हा सक्रिय यादीत आहेत. गेल्या महिन्यात मी पुण्याला जाऊन कागद नवे करून आलो. दहावीच्या पर्यवेक्षणाचे मी मुख्याध्यापकांना लेखी कळवले आहे. माझा फोन केंद्रसंचालकांच्या टेबलावर चालू राहील आणि वाजला तर ते उचलतील, असे ठरले आहे.

भाषणानंतर ज्यांना कागदांची यादी हवी असेल त्यांना ती शाळेच्या कार्यालयात, कारकून साहेबांकडे मिळेल. मी हाताने लिहून पंचवीस प्रती काढून ठेवल्या आहेत. काही विचारायचे असेल तर आज सायंकाळपर्यंत मी येथेच आहे. उद्या मंगळवार, डायलिसिसचा दिवस. सकाळी साडेसहाला भाईंना घेऊन जायचे असते.